डेटाशीटमधल्या ग्राफवरून कपॅसिटरचा पॉवर लॉस कसा काढायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएमपीएस, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर किंवा इंडक्शन शेगडीच्या बोर्डावर काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. ओहमचा नियम आणि आरएमएस म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे. उदाहरणांतले कपॅसिटर नेहमीच्या मालासारखे असले तरी आकडे हिशेब समजावण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या हातातल्या मालाचे आकडे त्याच्याच डेटाशीटमधून घ्या.

कपॅसिटर तर ऊर्जा साठवतो आणि परत देतो. मग त्यात वॅट जातात कुठे?

आदर्श कपॅसिटरमध्ये जात नाहीत. खऱ्या कपॅसिटरमध्ये तीन वाटांनी जातात. पहिली वाट धातूची: पाय, फॉइल, फॉइलला जोडलेल्या पट्ट्या आणि इलेक्ट्रोलिटिकमध्ये कागदात भिजलेला द्राव, या सगळ्यांचा रोध. दुसरी डायलेक्ट्रिकची: विद्युतक्षेत्राची दिशा उलटसुलट होते तेव्हा त्या पदार्थातच थोडी उष्णता तयार होते. तिसरी गळतीची, म्हणजे लीकेज करंट. पहिल्या दोन्ही वाटा मिळून एकच काल्पनिक रोध कपॅसिटरला सिरीजमध्ये जोडलेला आहे असं मानतात. तोच ईएसआर.

गळती बहुतेक वेळा सोडून दिली तरी चालते. ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टच्या इलेक्ट्रोलिटिकचा लीकेज डेटाशीटच्या कमाल मर्यादेने १६५ मायक्रोअँपिअरच्या आसपास धरला, तरी लॉस ६ मिलिवॅटही होत नाही. रिपलमुळे, म्हणजे डीसीवर बसलेल्या एसी चढउतारामुळे, होणारा लॉस याच्या दसपट असतो.

मूळ सूत्र कोणतं?

करंट माहीत असेल तर: लॉस = आरएमएस करंटचा वर्ग × ईएसआर.

कपॅसिटरवरचा एसी व्होल्टेज माहीत असेल तर: लॉस = ६.२८ × फ्रीक्वेन्सी × कपॅसिटन्स × आरएमएस व्होल्टेजचा वर्ग × टॅन डेल्टा. टॅन डेल्टा म्हणजे ईएसआर भागिले कपॅसिटरचा रिअ‍ॅक्टन्स (त्याच्या कपॅसिटन्समुळे एसीला होणारा विरोध), आणि ६.२८ म्हणजे २π.

दोन्ही सूत्रं एकच गोष्ट सांगतात. इलेक्ट्रोलिटिक आणि सिरॅमिकला पहिलं सोयीचं, फिल्म कपॅसिटरला दुसरं. दुसऱ्या सूत्रातला व्होल्टेज फक्त एसी भागाचा असतो. ४०० व्होल्ट डीसीवर बसलेल्या कपॅसिटरवर १० व्होल्टचा रिपल असेल तर हिशेबात त्या रिपलचं आरएमएस मूल्य येतं, ४०० येत नाही.

सूत्र सोपं आहे. चुका होतात त्या ईएसआरचा आकडा उचलताना. ईएसआर हा कपॅसिटरचा एकच ठरलेला आकडा नाही. तो फ्रीक्वेन्सी, तापमान आणि वय या तिन्हींबरोबर बदलतो, आणि डेटाशीटमधला प्रत्येक आकडा कुठल्या तरी एका परिस्थितीतला असतो. म्हणून ग्राफकडे बघण्याआधी त्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचायची: कोणत्या तापमानाला, कोणत्या फ्रीक्वेन्सीला, किती डीसी बायसवर, म्हणजे कपॅसिटरवर कायम असलेल्या किती डीसी व्होल्टेजवर. माझ्या मते या हिशेबातलं निम्मं काम त्या एका ओळीत आहे.

डेटाशीटमध्ये ईएसआर दिलेलाच नाही, फक्त टॅन डेल्टा आहे. काय करू?

ईएसआर = टॅन डेल्टा ÷ (६.२८ × फ्रीक्वेन्सी × कपॅसिटन्स).

४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-इम्पीडन्स इलेक्ट्रोलिटिक घेऊ. टॅन डेल्टा ०.१२ आहे, १२० हर्ट्झ आणि २० अंश सेल्सिअसला. खालचा गुणाकार ०.३५४ येतो, म्हणजे ईएसआर सुमारे ०.३४ ओहम.

हा आकडा १२० हर्ट्झचा आहे. तो उचलून १०० किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरला लावला की उत्तर कोसळतं. याच कपॅसिटरच्या टेबलमध्ये १०० किलोहर्ट्झला इम्पीडन्स (एसीला होणारा एकूण विरोध) ०.०४ ओहम दिला आहे असं धरा. १.२ अँपिअर रिपलला खरा लॉस १.४४ × ०.०४ म्हणजे सुमारे ०.०६ वॅट. १२० हर्ट्झचा ईएसआर वापरला तर तोच ०.४९ वॅट दिसतो, आठपटीहून जास्त. मग चांगला कपॅसिटर नाकारला जातो किंवा गरज नसताना दुप्पट मोठा बसवला जातो.

एक बारीक नियम लक्षात ठेवा. बऱ्याच इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये १००० मायक्रोफॅरडच्या वर प्रत्येक १००० मायक्रोफॅरडला टॅन डेल्टात ०.०२ मिळवायचे असतात. ती सूचना टेबलच्या खाली असते आणि सहज नजरेतून सुटते.

आकडे १२० हर्ट्झचे असतात. आपल्याकडे तर रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झ येतात?

बरोबर. ५० हर्ट्झची लाइन फुल-वेव्ह रेक्टिफायरमधून गेली की १०० हर्ट्झचा रिपल मिळतो. १२० हा आकडा ६० हर्ट्झच्या लाइनचा. टॅन डेल्टाचा संपूर्ण लॉस फ्रीक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात आहे असं धरलं तरी ईएसआर २० टक्क्यांहून जास्त वाढत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच. खात्यावर थोडी जागा ठेवा आणि पुढे चला.

इम्पीडन्सचा ग्राफ दिला आहे. त्यावरून ईएसआर वाचता येतो का?

येतो, पण फक्त तळाशी.

इम्पीडन्सची रेषा डावीकडून खाली उतरते, तळाशी पोचते आणि उजवीकडे पुन्हा चढते. उतार हा कपॅसिटन्सचा प्रताप, चढ हा आतल्या इंडक्टन्सचा. दोघे एकमेकांना खोडतात त्या तळाच्या बिंदूवर उरतो तो फक्त ईएसआर. इलेक्ट्रोलिटिकचा तळ रुंद आणि सपाट असतो, त्यामुळे १०० किलोहर्ट्झचा इम्पीडन्स हाच ईएसआर धरला तर चूक नगण्य. वरच्याच कपॅसिटरचं बघा: १०० किलोहर्ट्झला कपॅसिटन्सचा रिअ‍ॅक्टन्स ०.००३४ ओहम, १५ नॅनोहेन्री इंडक्टन्सचा ०.००९४ ओहम, फरक ०.००६. ०.०४ ओहमच्या रोधापुढे तो वर्गात मिळवला की दिसतही नाही.

सिरॅमिक आणि फिल्मचं तसं नाही. त्यांचा तळ टोकदार असतो. उतारावरचा इम्पीडन्स वाचून त्याला ईएसआर समजलं तर लॉस शंभरपट फुगू शकतो. उतारावरच्या इम्पीडन्समधून रिअ‍ॅक्टन्स वजा करून ईएसआर काढायचा प्रयत्नही करू नका. दोन जवळजवळ सारख्या मोठ्या आकड्यांची वजाबाकी होते, आणि ग्राफ वाचताना झालेली जराशी चूक सगळं उत्तर खाऊन टाकते. अशा वेळी ईएसआरची स्वतंत्र रेषा असलेला ग्राफच शोधायचा.

लॉग स्केलवर दोन रेषांच्या मधला आकडा कसा वाचायचा?

पट्टीने. डोळ्याने नको.

०.०१ आणि ०.१ यांच्या बरोबर मध्ये असलेला बिंदू ०.०५५ नसतो, तो ०.०३२ असतो. डोळा सवयीने सरळ प्रमाण लावतो आणि ईएसआर जवळजवळ पाऊणपट जास्त वाचला जातो. पद्धत अशी: ग्राफ स्क्रीनवर मोठा करा किंवा छापून घ्या. ०.०१ च्या रेषेपासून ०.१ च्या रेषेपर्यंतचं अंतर मोजा, समजा २८ मिलिमीटर. तुमचा बिंदू ०.०१ च्या वर १७ मिलिमीटरवर आहे. १७ ÷ २८ = ०.६०७. आता १० चा ०.६०७ वा घात घ्या, ४.०५ येतो. वाचन ०.०४०५ ओहम.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर तीन खुणा पाठ असू द्या: दशकाच्या ३० टक्के उंचीवर २, ४८ टक्क्यांवर ३, ७० टक्क्यांवर ५. आडव्या अक्षावर फ्रीक्वेन्सी वाचतानाही हाच नियम.

फ्रीक्वेन्सी मल्टिप्लायरचं टेबल कशासाठी असतं?

इलेक्ट्रोलिटिकच्या डेटाशीटमधली माझ्या लेखी सर्वांत उपयोगी गोष्ट हीच, आणि तिच्यातून ईएसआर काढता येतो हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

टेबल सांगतं की एका फ्रीक्वेन्सीला जेवढा रिपल करंट चालतो, त्याच्या कितीपट दुसऱ्या फ्रीक्वेन्सीला चालेल. यामागचं गृहीत एकच: दोन्हीकडे उष्णता सारखी व्हावी. उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ईएसआर मल्टिप्लायरच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. मल्टिप्लायर १.५ असेल तर तिथला ईएसआर मूळच्या २.२५ व्या भागाइतका. ग्राफ नसला तरी या टेबलवरून फ्रीक्वेन्सीनुसार ईएसआरचा सगळा नकाशा तयार होतो.

ॲडाप्टरच्या प्रायमरीकडचा ४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर घ्या. त्याला दोन करंट एकाच वेळी सोसावे लागतात: रेक्टिफायरकडून १०० हर्ट्झचा आणि स्विचिंगचा, समजा ६५ किलोहर्ट्झचा. पहिला ०.२५ अँपिअर, दुसरा ०.३० अँपिअर. टॅन डेल्टा ०.२० आहे, म्हणजे १२० हर्ट्झला ईएसआर ५.६४ ओहम. मल्टिप्लायर १२० हर्ट्झला १ आणि ६५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १.५, म्हणून वरच्या फ्रीक्वेन्सीचा ईएसआर २.५१ ओहम.

पहिल्या करंटचा लॉस ०.३५ वॅट, दुसऱ्याचा ०.२३ वॅट, एकूण ०.५८ वॅट. दोन करंट सरळ मिळवून ०.५५ अँपिअर करायचे नाहीत. वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे लॉस वेगवेगळे काढायचे आणि मग वॅटची बेरीज करायची.

हाच हिशेब ईएसआरशिवायही होतो. प्रत्येक करंटला त्याच्या मल्टिप्लायरने भागा, वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या: ०.२५ आणि ०.३० ÷ १.५ म्हणजे ०.२०. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.३२ अँपिअर. डेटाशीटमधला रेटेड रिपल १२० हर्ट्झला ०.५ अँपिअर असेल, तर (०.३२ ÷ ०.५) चा वर्ग, म्हणजे रेटिंगच्या सुमारे ४१ टक्केच उष्णता होते आहे.

दोन सिरीजचं मल्टिप्लायर टेबल अदलाबदल करून वापरू नका. काही सिरीज १२० हर्ट्झला १ धरतात, काही १०० किलोहर्ट्झला. एकाच सिरीजमध्येही कपॅसिटन्सच्या गटांनुसार वेगळ्या ओळी असतात.

टॅन डेल्टावरून आलेला लॉस आणि रेटेड रिपलवरून आलेला अंदाज जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवू?

वरच्याच उदाहरणात ०.५ अँपिअरच्या वर्गाला ५.६४ ने गुणलं तर १.४ वॅट येतात. एवढ्या आकाराचा कपॅसिटर इतकी उष्णता सोसून डेटाशीटमधलं आयुष्य गाठणं कठीण. मग गडबड कुठे?

गडबड नाही, दोन्ही आकडे वेगळ्या कामाचे आहेत. टेबलमधला टॅन डेल्टा ही कमाल मर्यादा असते, कंपनी याच्या वर जाणार नाही एवढीच हमी देते. प्रत्यक्ष नवा माल बराच खाली असतो. शिवाय तो आकडा २० अंशांचा. इलेक्ट्रोलाइट गरम झाला की चांगला वाहक होतो, आणि १०५ अंशांना ईएसआर २० अंशांच्या तुलनेत अर्ध्याहूनही कमी होऊ शकतो. रेटेड रिपल मात्र १०५ अंशांच्या परिस्थितीत ठरवलेला असतो.

म्हणून माझा पायंडा असा: कपॅसिटर टिकेल का, हा प्रश्न असेल तर रेटेड रिपल आणि मल्टिप्लायरची वाट. एकूण कार्यक्षमतेच्या हिशेबात सर्वांत वाईट किती वॅट धरायचे, हा प्रश्न असेल तर टॅन डेल्टाची वाट.

करंट साइन नाही, त्रिकोणी किंवा चौकोनी आहे. आरएमएस कसा काढू?

बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) कन्व्हर्टरच्या आउटपुट कपॅसिटरमध्ये त्रिकोणी करंट असतो. इंडक्टरचा पीक-टू-पीक रिपल ३.४६ ने भागा. ४ अँपिअरला १.१५ अँपिअर.

इनपुट कपॅसिटरकडे जास्त लक्ष हवं, आणि नेमकं तिथेच कमी दिलं जातं. तिथे आरएमएस करंट = आउटपुट करंट × √(ड्यूटी × (१ − ड्यूटी)). ड्यूटी म्हणजे प्रत्येक आवर्तनात स्विच चालू असण्याचा हिस्सा. २४ व्होल्टवरून १२ व्होल्ट, ६ अँपिअर घेतले तर ड्यूटी ०.५ आणि कपॅसिटरमध्ये तब्बल ३ अँपिअर. आउटपुटला १.१५ अँपिअर आणि इनपुटला ३, म्हणजे सारख्या ईएसआरला जवळजवळ सातपट उष्णता.

सिरॅमिक कपॅसिटरचा ग्राफ वाचताना काय सांभाळायचं?

दोन गोष्टी. एक्स७आर जातीच्या सिरॅमिकचा टॅन डेल्टा १ किलोहर्ट्झला कमाल २.५ टक्के असा दिलेला असतो. १० मायक्रोफॅरडला त्यातून ईएसआर ०.४ ओहम निघतो. तोच कपॅसिटर ३०० किलोहर्ट्झला जेमतेम ४ मिलिओहमचा असू शकतो. २ अँपिअरला एका आकड्याने १.६ वॅट, दुसऱ्याने १६ मिलिवॅट. म्हणून सिरॅमिकला टॅन डेल्टाची एक ओळ पुरत नाही, ईएसआरचा ग्राफ लागतोच. छापील डेटाशीटमध्ये तो नसेल तर कंपन्यांची मोफत ऑनलाइन साधनं आहेत: मुराटाचं सिमसर्फिंग, केमेटचं के-सिम, वुर्थचं रेडएक्सपर्ट. तिथे डीसी बायस आणि तापमान भरता येतं.

दुसरी गोष्ट हा बायसच. एक्स७आर आणि एक्स५आरचा कपॅसिटन्स डीसी व्होल्टेज चढला की घसरतो, रेटेड व्होल्टेजजवळ निम्म्याहून खाली जाणं नवल नाही. सी०जी जातीला हा त्रास नाही आणि तिचा टॅन डेल्टाही ०.१ टक्क्याच्या आत असतो, पण तिच्यात मोठे कपॅसिटन्स परवडत नाहीत.

इलेक्ट्रोलिटिकला पॅरलल सिरॅमिक लावला तर लॉस वाटला जातो का?

फ्रीक्वेन्सीवर अवलंबून आहे, आणि इथे अंदाज हमखास चुकतो. ०.०४ ओहमच्या इलेक्ट्रोलिटिकला १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक जोडला, बायसमुळे तो ५ मायक्रोफॅरड उरला. १०० किलोहर्ट्झला त्याचा रिअ‍ॅक्टन्स ०.३२ ओहम. इलेक्ट्रोलिटिकमधून ९९ टक्के करंट जातो, सिरॅमिकमधून साडेबारा टक्के. बेरीज शंभराच्या वर जाते कारण दोन्ही करंट ९० अंशांच्या फरकाने चालतात. म्हणजे सिरॅमिकने लॉसमध्ये जवळजवळ काहीच मदत केली नाही. ५०० किलोहर्ट्झला मात्र रिअ‍ॅक्टन्स ०.०६४ ओहमवर येतो, इलेक्ट्रोलिटिकचा वाटा ८५ टक्के होतो आणि त्याचा लॉस २८ टक्क्यांनी उतरतो.

फिल्म कपॅसिटरचा व्होल्टेज विरुद्ध फ्रीक्वेन्सी ग्राफ काय सांगतो?

त्यात साधारण तीन तुकडे दिसतात. सुरुवातीची आडवी रेषा: इथे मर्यादा व्होल्टेजची. मग उतार: इथे मर्यादा उष्णतेची, आपल्या कामाचा भाग हाच. शेवटचा आणखी तीव्र उतार करंटच्या मर्यादेचा. उष्णतेच्या उतारावरचा कोणताही बिंदू घ्या, तिथला व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी दुसऱ्या सूत्रात घाला, त्याच फ्रीक्वेन्सीचा टॅन डेल्टा ग्राफवरून घ्या. निघणारे वॅट म्हणजे कंपनीने त्या आकाराला दिलेली परवानगी. उदाहरणार्थ ०.१ मायक्रोफॅरड, १० किलोहर्ट्झ, २०० व्होल्ट आणि टॅन डेल्टा ०.०००४ असेल तर ०.१ वॅट.

इंडक्शन शेगडीत "तेवढ्याच व्हॅल्यूचा" दुसरा कपॅसिटर का चालत नाही?

रेझोनन्सच्या जागी बसलेला ०.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, २५ किलोहर्ट्झ, २० अँपिअर. रिअ‍ॅक्टन्स २१.२ ओहम, म्हणजे कपॅसिटरवर ४२४ व्होल्ट आणि ८.५ किलोव्हीएआर (व्होल्ट × अँपिअर, हजारांत). पॉलिप्रॉपिलीनचा टॅन डेल्टा ०.०००५ धरला तर लॉस ४.२ वॅट, पंख्याच्या हवेत तो निभावतो. त्याच जागी पॉलिएस्टरचा लावला, टॅन डेल्टा ०.०१५, तर १२७ वॅट. एवढ्याशा डबीत सोल्डरिंग आयर्नहून जास्त उष्णता. तो फुटणार, आणि जाता जाता आयजीबीटीही (शेगडीचा स्विचिंग ट्रान्झिस्टर) घेऊन जाऊ शकतो. दुकानात व्हॅल्यू आणि व्होल्टेज सांगून माल मागू नका, डायलेक्ट्रिकही सांगा. ग्राहकाच्या घराच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे.

सीलिंग फॅन आणि पॉवर फॅक्टर पॅनेलच्या कपॅसिटरला एवढा हिशेब लागतो का?

फॅनला नाही. २.५ मायक्रोफॅरडवर ३०० व्होल्ट धरले आणि टॅन डेल्टा ०.००१ घेतला तरी ०.०७ वॅट. पॅनेलच्या कपॅसिटरला डेटाशीटमध्ये थेट प्रति किलोव्हीएआर वॅट दिलेले असतात. ०.५ वॅटचा माल असेल तर २५ किलोव्हीएआरला १२.५ वॅट. मात्र लाइनवर हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या जास्तीच्या फ्रीक्वेन्सी) असतील तर हा आकडा अपुरा आहे, तिथे प्रत्येक हार्मोनिकचा करंट वेगळा धरावा लागतो.

लॉस कळला. तापमान किती वाढेल?

डेटाशीटमध्ये थर्मल रेझिस्टन्स असेल तर सरळ गुणाकार. छोट्या रेडियल इलेक्ट्रोलिटिकला तो सहसा नसतो, तिथे पृष्ठभागावरून अंदाज घ्या: क्षेत्रफळ = ०.७८५ × व्यास × (व्यास + ४ × उंची). १० मिलिमीटर व्यास, २० मिलिमीटर उंचीला सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत प्रत्येक चौरस सेंटिमीटर दर अंशाला सुमारे ०.००२ वॅट सोडतो असं धरलं, तर आपल्या ०.०६ वॅटला ४ अंशांची वाढ. ही कॅनच्या पृष्ठभागाची, आतला गाभा याहून गरम असतो.

तापमान १० अंशांनी कमी झालं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तासांचा माल ६५ अंशांना ३२,००० तासांच्या आसपास. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बंद डब्यात बसणाऱ्या ड्रायव्हरला २५ अंशांचं सभोवतालचं तापमान धरून हिशेब करणं अन्यायाचं आहे. डब्याच्या आतलं तापमान मोजा आणि तेच घ्या.

जुन्या कपॅसिटरला हेच आकडे लावायचे का?

नाही. डेटाशीटमधली एन्ड्युरन्सची (टिकाऊपणाच्या चाचणीची) ओळ बघा: टॅन डेल्टा सुरुवातीच्या मर्यादेच्या २०० टक्क्यांपर्यंत गेला तरी कपॅसिटर "पास" धरतात, काही सिरीजमध्ये ३०० टक्क्यांपर्यंत. पाच-सात वर्षं चालायच्या उपकरणाचा हिशेब दुप्पट ईएसआरवर करून बघा. थंडीचाही विचार करा: उणे तापमानाला साध्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर कित्येक पटींनी चढतो, पॉलिमरचा फारसा हलत नाही. लडाखला किंवा शीतगृहात जाणाऱ्या उपकरणात हा फरक ठरवणारा असतो.

हिशेब बरोबर आला की नाही, कसं तपासू?

१०० किलोहर्ट्झवर मोजणाऱ्या एलसीआर मीटरने ईएसआर बघा, कपॅसिटर आधी पूर्ण डिस्चार्ज करून. मग उपकरण पूर्ण लोडवर तासभर चालवा आणि बारीक थर्मोकपल कॅनच्या बाजूला चिकटवून तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन कमी आकडा दाखवते, काळ्या टेपचा तुकडा लावून त्यावर नेम धरा. प्रायमरीकडचा कपॅसिटर असेल तर थर्मोकपलची वायर लाइनशी जोडली गेली आहे असंच समजून वागा आणि आयसोलेटेड मीटर वापरा. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची किंवा डायोडची उष्णताही कॅनवर येते, म्हणून तसाच एक कपॅसिटर पाय न जोडता त्याच्या जवळ ठेवा. दोघांच्या तापमानातला फरक हीच त्याच्या स्वतःच्या लॉसची वाढ, आणि ती तुमच्या कागदावरच्या आकड्याच्या दुप्पट निघाली तर आधी आरएमएस करंट पुन्हा मोजा.